बांधाशी अडलेली कोकरं

लासूर स्टेशन
१० नोव्हेंबर २०२४

मल्हारी,

परवा तुझ्या सुनेनं फोन लावून दिला होता. माझ्या पोरानं, सत्यमनं आणून दिलेलं यंत्र मी कानात घातलं होतं, पण त्या यंत्रात मला तुझा आवाज सोडून बाकी सगळं ऐकू येतं. पंखा ऐकू येतो, कुत्रं ऐकू येतं, शेजारच्या शिवराजची पाण्याची मोटर ऐकू येते. तू तिकडून ओरडत होतास आणि मी इकडून 'काय? काय?' करत होतो. शेवटी यंत्र डब्यात टाकलं. आपली पत्रंच बरी. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो, तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, तेव्हा लिहायचा आळस करू नकोस. पत्र कडुबाजवळ देतो. तो बकऱ्या-कोकरांची खरेदी करत कन्नडचा बाजार करतो आणि लासूरचाही करतो. पोस्टापेक्षा तो बरा, फक्त त्याला चहा पाजावा लागतो.

तर पेरलं. विहिरीजवळचं दोन एकर रान सगळं तुझ्या कोकरांना. दरवर्षी दिवाळीनंतर तुझी मेंढरं गोदावरीकडं चरायला उतरतात आणि जाता जाता चार रात्री माझ्या रानात बसतात. मला लेंडीखत, तुला मुक्काम, एवढाच आपला व्यवहार. यंदा तुझा गुडघा गेला आणि खाली उतरणं होणार नाही म्हणालास, तेव्हा मीच म्हणालो की माझ्याकडंच वाघरीची जाळी लाव आणि उन्हाळ्यापर्यंत राहा. बोललोय ते विसरलेलो नाही.

काय पेरलं ते ऐक. ज्वारी नाही, बाजरी नाही, मका नाही. ओट पेरलाय. नाव ऐकून हसू नकोस. बियाणाच्या दुकानातला पोरगा म्हणाला, बाबा, चाऱ्याला हे एक नंबर. कोवळी ज्वारी कोकरांना बाधते हे तर आहेच, पण माझं खरं कारण निराळं आहे. ज्वारीत जनावर सोडायचं म्हटलं तर माझा हातच उठणार नाही. बापानं मला चालायला शिकवलं तेच पिकाच्या तासातून, ज्वारीच्या ताटावर पाय पडला की पाठीत धपाटा. ओटाचं तसं नाही. ते जनावराचंच धान्य आहे, कुठं कुठं घोडे खातात म्हणे. माणूस तोंडाला लावत नाही, म्हणजे जीव गुंतायचा प्रश्नच नाही. बघ किती विचार केलाय मी.

कपाळावरची माझी खूण कशी आहे?

पुंजाराम


वस्ती, कन्नड
२१ नोव्हेंबर

पुंज्या,

खूण आहे तशीच आहे. थंडी पडली की ठसठसते. लहानपणी तुमच्या हरभऱ्यात माझा एक मेंढा शिरला तर तू राखणीच्या माळ्यावरून गोफण फिरवलीस, आणि मेंढ्याला लागायचा दगड मला लागला. पुढं आयुष्यभर तू दोस्त म्हणून मानगुटीवर बसलास, ते वेगळंच.

आता जरा नीट वाच. हे सुकेशनीनं फोनवर सांगायचा प्रयत्न केला होता, पण तू मोटर ऐकत बसलास. आमचा पोरगा अजिनाथ वाळूजच्या कंपनीत कायम झाला. दिवाळीला आला आणि आईसमोर म्हणाला, "आबाचा गुडघा गेला, आता मेंढरं वळायची कुणी? इकून टाका आन चला सगळे खोलीवर." सुकेशनी, म्हणजे त्याची बायको, चुलीपुढं बसली होती. मागं न बघताच म्हणाली, "म्या वळते." अजिनाथ म्हणाला, "तू एकटी?" ती म्हणाली, "मंग काय बँड लावून वळू का?" त्याच्या आईला, बानाबाईला हसू आवरेना, पण अजिनाथ हसला नाही.

शेवटी असं ठरलं की यंदाची कोकरं उन्हाळ्यापर्यंत धडपणे तगली तर कळप राहील आणि अजिनाथ पुन्हा विकायचं नाव काढणार नाही. कोकरं हातची गेली तर सगळी मेंढरं कडुबाला, आणि सुकेशनी वाळूजच्या खोलीत. त्या पोरीला भिंतीत कोंडलं तर ती वाळून जाईल. कळपातल्या सहा मेंढ्या तर तिच्या बापानं लग्नात दिलेल्या आहेत. म्हणजे यंदा सगळं तुझ्या दोन एकरांवर आहे. हे मी उगाच तुला चढवायला लिहीत नाही.

चाळीसेक कोकरं झालीत. सध्या आयांच्या दुधावर आणि डोंगरातल्या गवतावर भागतंय. ओट मला माहीत नाही, पण गुडघाभर झालं की लगेच बोलाव. निसवू देऊ नकोस. कणीस बाहेर पडून दाणा भरला की कोकरू पाला सोडून दाण्यालाच लागतं, पोट फुगतं आणि मरतं. गुडघाभर, एवढंच ध्यानात ठेव.

कडुबा पत्र न्यायला आला तो पत्राआधी कोकरांच्या पाठी चाचपून बघत होता. मी त्याला चहा दिला नाही.

मल्हार


लासूर स्टेशन
२४ डिसेंबर

मल्हारी,

अरे, तू बघायला पाहिजे होतंस. काय रान आलंय! गुडघाभर म्हणालास, ते कधीच मांडीला लागलं. रंग असा काळपट हिरवा की रस्त्यानं जाणारे मोटरसायकल थांबवून विचारतात, बाबा, कोणता गहू? मी म्हणतो, गहू नाही, ओट. मग ते खाली उतरून हात फिरवतात. शिवराज तर रोज संध्याकाळी येऊन बांधावर बसतो. मी दोन वेळा खुरपलं. चाऱ्याला कोणी खुरपतं का, असं तो म्हणाला, पण गवत दिसलं की माझा हात राहत नाही.

आता तुझं. एवढ्यात येऊ नकोस. सकाळी दहिवर इतकं पडतं की धोतर भिजतं. ओला पाला खाल्ला की कोकराचं पोट फुगतं हे तूच मला शिकवलंस. त्यातून परवाच पाणी दिलंय, जमीन लोण्यासारखी झालीय, कोकरांचे पाय रुततील. चार-आठ दिवस दम धर. मीच निरोप पाठवतो.

पुंजाराम


वस्ती, कन्नड
२ जानेवारी २०२५

पुंज्या,

दहिवर दहा वाजता वाळतं. मी काय कोकरं पहाटे उठवून सोडणार आहे? आणि तुझी जमीन वाळेपर्यंत माझा डोंगर वाळला त्याचं काय?

इथं गवत संपलं. सुकेशनी आकडी लावलेली काठी घेऊन बाभळीच्या फांद्या ओढते, हात काट्यांनी भरलेत. मेंढ्यांचं दूध आटत चाललंय. कोकरू ढुशी मारतं आणि आई पाय झाडून निघून जाते. दोन कोकरं गेली. दुसरं गेलं ते सुकेशनीच्या मांडीवर गेलं. ते तिनं दिवसभर खाली ठेवलं नाही. बानाबाईनं शेवटी ओढून घेतलं. अजिनाथचा रोज फोन येतो, "किती राह्यले?" एवढंच विचारतो. मी फोन उचलायचा बंद केलाय.

आणि तू मला लिहितोस की रस्त्यानं जाणारे लोक थांबून हात फिरवतात! मी कोकरांसाठी रान मागितलं होतं, जत्रा भरवायला नाही. मांडीला लागलं म्हणतोस, मग अजून किती वर जाऊ देणार? चार-आठ दिवस म्हणालास ते कालच संपले. पिकअप ठरवून ठेवलाय. एक ओळ लिही, 'ये'. बाकी काही लिहू नकोस.

मल्हार


लासूर स्टेशन
१६ जानेवारी

मल्हारी,

तुझं पत्र वाचून दोन घास कमी गेले. कोकरांचं वाचून वाईट वाटलं. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण संक्रांतीला संभाजीनगरहून सत्यम आणि सूनबाई मोनिका आले आणि घरात गडबड झाली.

एक गंमत सांगतो. मी दोघांना रान दाखवायला नेलं. निसवलंय रे आता. तू रागावशील, पण काय सुंदर निसवलंय. गव्हासारखी ओंबी उभी नाही राहत, बारीक बारीक घुंगरं टांगल्यासारखे दाणे खाली लोंबतात आणि वारा आला की सगळं रान हलतं. मोनिकानं फोटो काढले. मग विचारलं, "बाबा, हे कशाचं आहे?" म्हटलं, ओट, चाऱ्याचं. तर ती म्हणाली, "अहो बाबा, ओट्स! आम्ही रोज सकाळी हेच खातो." मला वाटलं, थट्टा करते. तिनं मोबाइलमध्ये पाकीट दाखवलं, त्यावर हेच कणीस छापलेलं. डॉक्टरनं सत्यमला तेच खायला सांगितलंय म्हणे. माझा मुलगा रोज सकाळी हे खाऊन ऑफिसला जातो आणि मला कोणी सांगितलं नाही.

बरं, मी काय म्हणतो, मागच्या वर्षीचा ज्वारीचा कडबा माझ्याकडं बराच पडलाय. तो बारीक कुट्टी करून पाठवला तर चालेल का? पोती शिवराजच्या ट्रॅक्टरमध्ये टाकून देतो. भाड्याचं मी बघतो. तोवर इकडं काय करायचं ते बघू.

पुंजाराम


वस्ती, कन्नड
२० जानेवारी

पुंजाराम,

बघू म्हणजे काय? काय बघायचं राहिलंय?

तीन महिन्यांच्या कोकरांना गेल्या वर्षीचा कडबा! त्यांना दात तरी आलेत का ते चावायला? हे तुला कळत नाही असं नाही. तुला कळतं आणि तरी तू लिहितोस, म्हणून मला जास्त राग आला. पत्र मी सुकेशनीला वाचून दाखवलं. ती उठली आणि कोकरांत जाऊन बसली. मी पहिल्याच पत्रात निसवू देऊ नको म्हणून लिहिलं होतं. तू निसवू दिलंस आणि वर मला घुंगरं दाखवतोस.

आता कुठं पाणी मुरतंय ते मला समजलं. सूनबाई म्हणाली, शहरात पाकिटात मिळतं. म्हणजे त्याला भाव आहे. मग मेंढरांच्या घशात कशाला घाला? नाहीतर पोरांना आवडलं नसेल, बापाच्या रानात धनगराचं बिऱ्हाड, लेंड्या, वास. ते येणार गाडीतून, त्यांच्या बुटाला लागेल. तसं असेल तर तसं लिही. मी वाईट वाटून घेणार नाही, म्हणजे घेईन, पण समजून तरी घेईन. हे दहिवर, हा चिखल, ही संक्रांत असं एकेक पुढं करून मला कोपऱ्यात बसवू नकोस. आपण म्हातारे झालो, लहान मुलासारखं खोटं बोलणं शोभत नाही.

आणखी तीन कोकरं गेली. पुढच्या लासूर बाजाराला कडुबा बाकीची नेतो म्हणतोय. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. सुकेशनीनं तिचं पेटाऱ्यातलं लुगडं काढून धुऊन ठेवलं, खोलीवर न्यायला. तेव्हा एकच विचारतो. देतोस की नाही? एका शब्दात लिही.

मल्हारराव


लासूर स्टेशन
२४ जानेवारी

मल्हारी,

मला मल्हारराव अशी सही करून पत्र पाठवलंस. साठ वर्षांत पहिल्यांदा. वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि रानात गेलो. आता जे खरं आहे ते लिहितो, मग तुला काय म्हणायचं ते म्हण.

भावाचं काही नाही. माझ्या पोरांनी एक शब्द काढला नाही. मोनिका तर कोकरं कधी येणार म्हणून विचारत होती, तिला फोटो काढायचे आहेत. अडलंय ते माझ्यामुळं. माझ्या हातून होत नाही, मल्हारी.

मी प्रयत्न केला. तुझ्या दुसऱ्या पत्रानंतरच केला होता, तुला सांगितलं नाही. म्हटलं, आधी घरचीच कालवड सोडून बघू, म्हणजे सवय होईल. कालवडीला दावं धरून नेलं, वाटेवर लावलेले काटे बाजूला केले, आत सोडलं. तिनं पहिला घास घेतला आणि माझ्या हातातली काठी तिच्या पाठीत बसली. मी मारली नाही, हात आपोआप उठला. घरचं जनावर, मीच आणलेलं, मीच सोडलेलं, आणि मीच "हाऽऽ" करून बोंब मारली. शिवराज लांबून पळत आला, त्याला वाटलं चोर आला. ती कालवड अजून मला बघितलं की बाजूला होते.

तेव्हा म्हटलं, जनावराचं धान्य आहे, मन घट्ट कर. रोज सकाळी घट्ट करायचो आणि रानात गेलं की सुटायचं. त्यात मोनिकानं ते पाकीट दाखवलं. माणूस खातो म्हटल्यावर माझं उरलंसुरलंही गेलं. ज्वारी नको म्हणून हे पेरलं, तर हेही अन्नच निघालं. उभ्या पिकात, दाणा धरलेल्या पिकात, जनावर घालायचं? माझा बाप वर असेल तिथून खाली उतरून मला मारेल. तू हसशील. मला हसू येत नाही. मला स्वतःचा एवढा संताप येतो की काल जेवताना ताट सरकवून दिलं. पेरलं मी, शब्द दिला मी, आणि कोकरं मरतात तुझी.

असं करतो. मी इथं थांबलो तर होणार नाही. मी सत्यमकडं जातो. तू पिकअप घेऊन ये, काटे ओढ, घाल आत. मी नसेन, मला दिसणार नाही, आणि आल्यावर जे असेल ते असेल. घराची किल्ली शिवराजकडं आहे. बाज बाहेर काढून ठेवलीय. मी आल्यावर मला काही सांगत बसू नकोस, एवढीच विनंती.

पुंजा


पुंजारामच्या रानातून
३१ जानेवारी

पुंज्या,

तुझ्याच बाजेवर बसून लिहितोय. पत्र संपलं की सुकेशनी त्याचा फोटो काढून तुझ्या सूनबाईच्या मोबाइलवर पाठवणार आहे, कारण कडुबाची वाट बघायला वेळ नाही. तो उद्या इथंच येतोय. उद्या लासूरचा बाजार.

काल दुपारी पोचलो. कोकरं, बानाबाई आणि मी पिकअपमध्ये, मेंढ्या घेऊन सुकेशनी दोन दिवस आधीच पायी निघालेली. तुझं रान बघितलं. खरं सांगतो, तोंडात शिव्या होत्या त्या गिळल्या. असं रान मी कधी कुणाचं बघितलं नाही. पण कोकरांच्या बरगड्याही मी कधी अशा बघितल्या नव्हत्या, म्हणून काटे ओढले आणि म्हटलं, चला.

कोणी गेलं नाही.

आमची म्होरकी भुरी मेंढी बांधापर्यंत आली, वास घेतला आणि थांबली. तिच्या मागं सगळा कळप थांबला. कोकरं आयांच्या पोटाखाली उभी. सुकेशनीनं मागून हाकललं तर बांधाबांधानं पळत सुटली, पण आत एकीनं खूर टाकला नाही. समोर कमरेएवढं हिरवं आणि ती बांधावरची वाळकी काडी चघळतात! सुकेशनी रडकुंडीला आली. "आवं आबा, आता यांना काय झालं? खा म्हनलं तर खाईनात!"

त्यांना काय होणार? आयुष्यभर हिरवं दिसलं की आपण दगड मारलेत. तुम्ही तिकडून, आम्ही इकडून. आईनं मार खाल्लेला, तिच्या आईनं मार खाल्लेला. उभ्या पिकाला तोंड लावायचं नाही, हे त्यांना दुधासोबत पाजलंय. या गोष्टीचा मी गावोगाव मोठेपणा सांगायचो. माझी मेंढरं वळणाची, बांध ओलांडत नाहीत. घे आता वळण!

मग म्हटलं, मी पुढं होतो. मी आत गेलो की भुरी मागं येईल. बांधावर एक पाय ठेवला. दुसरा उचलेना. पुंज्या, गुडघ्याचा दोष नव्हता. मी मान वळवून तुझ्या माळ्याकडं बघितलं. तिथं कोणी नाही हे मला माहीत होतं, तू संभाजीनगरला आहेस हे माहीत होतं, तरी बघितलं, गोफण घेऊन कोणी उभं आहे का म्हणून. कपाळाला हात गेला माझा. बानाबाई मागून म्हणाली, "जावा की, कुनाला भिता?" मी तसाच बांधावर खाली बसलो.

तू पळून गेलास म्हणून मला राग आहे. मीही आत जाऊ शकलो नाही म्हणून त्याहून जास्त राग आहे. दोघं म्हातारे, एक रानाचा मालक, एक मेंढरांचा, आणि दोघांना मिळून चार कोकरांना पाला खाऊ घालता येत नाही. सुकेशनीनं हातानं पाला ओरबाडून आणला, पण एक बाई ओरबाडून किती आणणार, आणि सगळ्यात दाणा. दाणे वेचून टाकता टाकता अंधार पडला. आता ती माझ्याकडं पाठ करून बसलीय.

मी तुझ्या रानाला हात लावणार नाही. तुझं तू ये आणि काय ते कर. उद्या दुपारपर्यंत आलास तर ठीक. नाहीतर कडुबा इथूनच कोकरं उचलतो, आणि मग तुझं रान कापून तू पाकिटात भर.

मल्हार


छत्रपती संभाजीनगर
३१ जानेवारी, संध्याकाळ

मल्हारी,

हेही मोनिका फोटो काढूनच पाठवते. तुझं पत्र तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि त्या यंत्रातून पहिल्यांदा मला सगळं नीट ऐकू आलं. नको होतं तेच नेमकं ऐकू आलं.

तू मान वळवून माळ्याकडं बघितलंस, ते ऐकून मला बसवेना. तीच गोफण मी साठ वर्षं थट्टेत काढतो. पत्र आलं तेव्हा मोनिकानं ओट दुधात शिजवून माझ्यापुढं ठेवले होते. चव काही वाईट नाही, पण वाटी बाजूला सारली. माझ्या रानात हेच उभं आहे आणि बांधावर कोकरं उपाशी आहेत, आणि मी पंख्याखाली बसून चमच्यानं खातोय.

उद्या पहिल्या बसनं निघतो. तू तोवर एवढं कर. माझा विळा पत्र्याखालच्या वाशात खोवलाय, त्याला धार लावून ठेव. कणसं मी खुडीन, सुकेशनी आणि वहिनींना सोबत घेऊन, एकेक पट्टा. खुडायला माझा हात अडत नाही, जन्मभर तेच केलं. दाणा निघाला की पाला आणि ताटं हिरवीच आहेत.

आणि त्यांना हाकलू नकोस. काटे उघडून झुंड आत शिरली तर माझा हात परत काठीकडं जाईल, मी मला ओळखतो. मी एकेक कोकरू उचलून आत ठेवीन. दारात पाहुण्याचं लेकरू आलं की आपण त्याला उचलून उंबऱ्याच्या आत घेतो ना, तसं. मीच उचलून ठेवलेल्याला मी मारणार नाही, आणि मालकाच्या हातून आत गेल्यावर त्यालाही भ्यायचं कारण नाही. बघू, जमेल. जमलंच पाहिजे.

कडुबाला सांग, मी येईपर्यंत कोकराला हात लावलास तर गोफण अजून खुंटीला आहे. आणि माझा नेम तुला माहीत आहे, कुणालाही लागतो.

पुंजा


वस्ती, कन्नड
२ एप्रिल

पुंज्या,

घरी पोचून आठवडा झाला. डोंगरात बाभळीच्या शेंगा गळायला लागल्यात, त्यावर आता पाऊस पडेपर्यंत निभेल. तू कणसं वाळवून भाकरी करायला घेतलीस आणि ती तव्यावर मोडली, ही गोष्ट बानाबाई वस्तीत सगळ्यांना सांगते. दाणा कच्चाच खुडलेला, त्याची कसली भाकरी होणार! पण हे पत्र त्यासाठी नाही. हे पत्र तक्रारीचं आहे.

तू माझी कोकरं बिघडवलीस.

पावणेदोन महिने रोज सकाळी धोतर खोचून एकेकाला पोटाशी धरून बांधापलीकडं ठेवत होतास, ते चांगलं होतं. आयाही मग लेकरांच्या ओढीनं आत गेल्या. तिथंही तू भुरीला हात जोडून "या" म्हणत होतास, ते मी बघितलं. अंगानं भरली, एकही आणखी गेलं नाही, हे सगळं मान्य. पण आता काय झालंय माहीत आहे का? कुठंही बांध आला की कोकरं थांबतात. पलीकडं पीक असो, नांगरलेलं काळं रान असो, नुसता रस्ता असो. रांगेनं उभी राहतात, मान वर करतात आणि जो कोणी पुरुष माणूस दिसेल त्याच्याकडं बघून ओरडतात. उचलून घ्या म्हणतात! सुकेशनी पुढं निघून जाते, आया निघून जातात, आणि ही बांधावर बसून राहतात. परवा एका बांधावर आम्हाला अर्धी दुपार गेली. ज्याचं रान होतं तो काठी घेऊन आला होता. तो बघतच राहिला, मग हसत हसत त्यानं चार उचलून दिली. मी एवढा ओशाळलो की विचारू नकोस.

पाडव्याला अजिनाथ आला. म्हणाला, "द्या, आज म्या नेतो चारायला." घातला कंपनीचा बूट आणि गेला. ओढ्याच्या बांधाशी कोकरं थांबली. त्यानं शिट्टी मारली, ओरडला, खडा मारला. हलेनात. मी लांबून बघत होतो. शेवटी त्यानं इकडंतिकडं बघितलं, पँट वर केली आणि एकेक उचलायला लागला. सगळी पलीकडं ठेवली. संध्याकाळी पाठ धरून आला आणि सुकेशनीला म्हणाला, "लई जड झालेत गं." एवढंच बोलला. कडुबाचं नाव काढलं नाही, खोलीचंही काढलं नाही. सुकेशनीनं पेटाऱ्यात ते लुगडं परत घालून ठेवलं. रात्री त्याच्या भाकरीवर तिनं तुपाचा गोळा ठेवला, तो मला दिसला.

कळप राहिला, पुंज्या. पण मला याचा राग आलाय, की साठ वर्षं कमावलेलं वळण तू दोन महिन्यांत मोडलंस. आता हे निस्तरायचं तूच. दिवाळीनंतर मी त्यांना तुझ्याकडंच घेऊन येतो. काय पेरायचं ते पेर, ओट पेर नाहीतर ज्वारी पेर, पण वेळेवर बोलाव. आणि एक ध्यानात ठेव. तोवर ती कोकरं राहणार नाहीत, पुरत्या वाढलेल्या मेंढ्या होतील. येऊन बांधाशी थांबतील आणि तुझ्याकडं बघतील. आत्तापासून कंबर सांभाळ.

मल्हारी